ताईंचं गॅरेज आणि हेडसरांचा अर्ज

ताईंच्या शोकसभेत बोलाल का, असं विचारल्यावर हेडसर एका पायावर तयार झाले. कुणी गेलं की चार शब्द बोलायला आपणच लागतो, असं निदान त्यांचं तरी मत होतं. सभा रविवारी होती. गुरुवारीच त्यांनी सहा पानं लिहून बायकोला वाचून दाखवली.

तिने भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं. "छान आहे. पण गेलं कोण? ताई की तुम्ही?"

हेडसरांनी पानं पुन्हा चाळली. 'मी सुचवलं', 'माझ्या आग्रहाखातर', 'मी पुढाकार घेतला'. ताई तिसऱ्या पानावर एकदा डोकावून गेल्या होत्या.

ताई म्हणजे मागच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स. त्यांच्या गॅरेजात गाडी नव्हती. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या आणि दोन लोखंडी खाटा होत्या. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की न्यायचं, गरज सरली की आणून द्यायचं. एकोणीस वर्षं हे फुकट आणि बिनबोभाट चाललं होतं. मग हेडसर शाळेतून निवृत्त झाले आणि मदतीला आले.

त्यांना तिथे शिस्त दिसेना. आठवड्याभरात त्यांनी तीन पानी अर्ज छापून आणला. ताईंनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि "छपाई सुबक झालीय," एवढंच म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात हेडसर बाथरूममध्ये घसरले. प्लास्टर घातलेला पाय अधांतरी धरून, मुलीच्या खांद्यावर भार टाकून ते कुबड्या मागायला गॅरेजात आले. ताईंनी मुकाट्याने अर्ज पुढे केला. नियम तो नियम, म्हणून हेडसर भिंतीला टेकून लिहू लागले. दुसऱ्या पानावर होतं, 'गरजेचा पुरावा जोडावा.'

"इथे काय जोडायचं?" त्यांनी विचारलं.

"लोक मला हेच विचारतात, सर." ताईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्या खरंच अडचण सांगत होत्या. "परवा एक आजोबा हे बघून परतच निघाले होते. मग मीच सगळ्यांचे भरत बसते. तुम्ही आधी बसा बरं."

त्यांनी कुबड्यांची उंची हेडसरांच्या मापाची करून दिली. पुढचे सहा आठवडे त्या एक दिवसाआड घरी यायच्या. गॅरेजच्या कारभाराबद्दल आपला सल्ला घ्यायला येतात, अशी हेडसरांची पक्की समजूत. प्लास्टर निघाल्यावर बायकोने सांगितलं, की प्लास्टर आवळत तर नाही ना, म्हणून ताई पायाच्या बोटांचा रंग आणि सूज बघायला येत होत्या.

रविवारी हेडसरांनी सहा पानं घरीच ठेवली आणि सभेत फक्त हा कुबड्यांचा किस्सा सांगितला. लोक पोट धरून हसले. ताईंचे धाकटे भाऊ तर डोळे पुसत हसत होते. बोटांच्या रंगापाशी आल्यावर मात्र चाळीस वर्षं मुलांना वक्तृत्व शिकवलेला माणूस वाक्य अर्धवट सोडून खाली बसला.

भावाने गॅरेज सुरूच ठेवलं आणि किल्ली हेडसरांकडे दिली. आता सकाळी ते तिथे बसतात. अर्जांचे गठ्ठे रद्दीत गेले. परवा एक बाई वडिलांसाठी व्हीलचेअर न्यायला आली. हेडसरांनी मोठ्या ऐटीत पाय ठेवायच्या पट्ट्या बसवल्या, त्याही उलट्या. तिने त्या काढून स्वतःच नीट बसवल्या.

"नवीन आहात का इथे?" तिने विचारलं.

"हो," हेडसर म्हणाले आणि खुर्ची ढकलत तिच्यासोबत रिक्षापर्यंत गेले.