राबातला दगड

जव्हार संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही नवराबायको सूर्यमाळच्या एका पाड्यावर नवीन संसार मांडून होतो. उन्हाळ्यात, भर दुपारी, ढग नसताना आभाळ गडगडलं. माझ्या राबात, म्हणजे भाताच्या रोपासाठी भाजलेल्या जमिनीत, नारळाएवढा काळा दगड येऊन रुतला.

मोखाड्याहून तलाठी आला, पंचनामा केला, माझा अंगठा घेतला. "मुंबईचा साहेब येईल तेव्हा दगड असाच्या असा पाहिजे. जबाबदारी तुझी." बस. राजाच्या काळात राखण लावली की उठ म्हणेपर्यंत माणूस उठत नसे. मी दगडाशेजारी बसलो.

बायकोला नववा लागलेला. तिचं माहेर एका दिवसाच्या वाटेवर. पोचवतो असा शब्द दिला होता. पाडा मजुरीला खाली उतरलेला, मागे म्हातारीकोतारी तेवढी. झऱ्याचं पाणी तीच आणायची, माझी भाकरीही राबात आणून द्यायची.

"दगड पळून जाणाराय का?" ती म्हणाली.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "मी बसतो इथं. तू जा तिला घेऊन."

"अंगठा माझा आहे, काका."

"मग अंगठा ठेव इथं, बाकीचा जा," बायको म्हणाली. म्हातारा हसला. मी नाही हसलो. मला तुरुंग दिसत होता.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी भाकरी आली नाही. बायको एकटीच माहेरी निघून गेली होती. वाट मला बसल्या जागेवरून दिसत होती, तरी मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक दगडाजवळ नेलं, ते ओढलं गेलं. ढलपा काढला. आत राखाडी, नागलीच्या बीएवढे गोल दाणे. साहेब म्हणाला, मंगळ आणि गुरूच्या मध्ये लहान लहान ग्रह फिरतात, त्यातल्या एकाचा हा तुकडा. दाणे पृथ्वीपेक्षा जुने. कोट्यवधी वर्षं तिथंच घिरट्या घालत होता, दुसरा आदळला म्हणून सुटला. मी विचारलं, "साहेब, इथं दुसरा कोणी बसला असता तर चाललं असतं?"

"कोणीही," तो म्हणाला. "नुसता झाकून ठेवला असता तरी चाललं असतं."

मी पळत सुटलो. ती वाटेतच, करवंदीच्या जाळीआड बाळंत झाली होती. नाळ स्वतः दगडाने ठेचली होती. पोरगी जगली. तिच्याच पाटीवर पुढे मी अक्षरं शिकलो.

बायको भांडली नाही. पण त्यानंतर माझ्याबरोबर चल असं तिनं कधी म्हटलं नाही. बाजार, दवाखाना, माहेर, सगळीकडे एकटी. गेल्या साली जव्हारच्या दवाखान्यात मी तिच्या खाटेपाशी बसलो होतो, जागचा हललो नाही. ती म्हणाली, "जा, चहा पिऊन ये." मी नाही म्हटलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. जरा वेळानं गेली.