दोन चकत्या

सकाळचे नऊ वाजत आले की त्या घरात कुणी जोरात चालायचं नाही, असा नियम होता. दार आपटायचं नाही, नळ सोडायचा नाही, मिक्सर तर चुकूनही लावायचा नाही. पाहुणा आलाच तर त्याला नऊला पाच कमी असताना खुर्चीत बसवून ठेवत आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी सोडत. कारण त्या वेळी आतल्या खोलीत घरधनी घड्याळ तपासत असे. त्याची बायको मोठ्या इस्पितळात नर्स. शेजारीपाजारी तिला सिस्टर म्हणत आणि पुढे पुढे नवराही तेच म्हणू लागला होता. त्याला मात्र सगळी गल्ली सेकंदवाले म्हणायची, अगदी तोंडावरसुद्धा. त्याला त्याचं काही वाटत नसे. मिनिटवाले म्हटलं असतं तर राग आला असता.

जन्मभर त्याने कचेरीत नकाशे काढले. केसाइतकी रेघ, ती पुसून पुन्हा केसाइतकी रेघ. घरी येऊन माणसाने जरा पाय पसरावेत की नाही? पण नाही. हा घड्याळांच्या नादी लागला. घरात एक घड्याळ थेंबाथेंबाने पाणी गाळून वेळ सांगायचं आणि आठवड्यातून एकदा फरशी भिजवायचं. एकाला एकच काटा होता. एक उलटं चालायचं, त्यात वेळ बघायची तर हातात आरसा घ्यावा लागे. सिस्टरने या सगळ्यांवर तोंडसुख घेतलं होतं, पण आतल्या खोलीतल्या घड्याळाबद्दल ती कधी वाकडं बोलली नाही. ते त्याने स्वतः बनवलं होतं, अकरा वर्षं खपून. भिंतीत दगडी फळी, फळीवर काचेची पेटी, पेटीत मीटरभर लांबीचा लंबक. चालू केल्यापासून चार वर्षांत ते एकदाही थांबलं नव्हतं.

तपासायची रीत अशी. रेडिओवर दर तासाला सहा टूं वाजतात, त्यातला शेवटचा म्हणजे बरोब्बर ठोका. घड्याळाखालून कागदाची फीत सरकत असे आणि घड्याळ तिच्यावर दर सेकंदाला एक ठिपका उमटवत असे. शेवटचा टूं ऐकला की सेकंदवाले बटण दाबायचे, त्याचा वेगळा ठिपका पडायचा. मग भिंगाखाली मोजपट्टी लावून दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. वहीत शेवटचा रकाना होता, 'माझी चूक'. कानाने ऐकल्यापासून बोटाने दाबेपर्यंत माणूस जो उशीर करतो, तो दर महिन्याला स्वतःची परीक्षा घेऊन काढायचा आणि आकड्यातून वजा करायचा. त्यांचा हा उशीर वर्षानुवर्षं पाव सेकंद होता. सिस्टर म्हणायची, "जगात एवढा एकच माणूस असेल जो आपली चूक रकाना आखून लिहितो." यावर ते खूश व्हायचे.

तर गेले दोन महिने घड्याळ बिघडलं होतं. आधी ते अर्धा सेकंद पुढे गेलं, मग एक, मग दीड. सेकंदवाल्यांची झोप उडाली. आधी त्यांनी रस्त्यावरच्या ट्रकांना दोष दिला, मग वरच्या मजल्यावरच्या नव्या फ्रीजला. त्यासाठी वर जाऊन भांडूनही आले. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "आतलं काहीतरी झिजलंय. पुढच्या आठवड्यात, रविवारी उघडतो. घड्याळजीला बोलावलंय मदतीला."

सिस्टरची ते दोन आठवडे दुपारपाळी होती. एकदा सेकंदवाले दाढी करायला गेले होते आणि दहा वाजत होते. तिने सहज रेडिओ लावला आणि शेवटच्या टूंवर बटण दाबलं. फीत काढली, मोजलं. पाव सेकंद. आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून तिने दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, ते बाहेर पडल्यावर पुन्हा दाबलं. पुन्हा पावच. नऊच्या फितीवर पावणेदोन, नेहमीचा पाव वजा जाता दीड, आणि दहाच्या फितीवर नुसता पाव. घड्याळ जागच्या जागी होतं; नऊला बटणच उशिरा दाबलं जात होतं, म्हणून ते पुढे गेलेलं दिसत होतं.

एकतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. तिला एकदम सगळं एका ओळीत दिसलं. शर्टाच्या गुंड्यांची ओळ एक घर चुकलेली. दूध उतू जात असताना त्याच्याकडे बघत शांत उभे राहिलेले सेकंदवाले. वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर लागलेली नजर. तिने वही उलटी चाळली. 'माझी चूक' हा रकाना दोन महिने कोरा होता. चार वर्षांत पहिल्यांदाच. विसरले असतील, असं ती मनाशी म्हणाली आणि वही होती तशी ठेवून दिली.

तिला रडू आलं नाही. कंटाळा आला, पायांच्या पोटऱ्यांपासून वर चढत गेलेला कंटाळा. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. आठ महिन्यांनी आपण खुर्चीत बसू आणि हा माणूस आपल्याला चहा करून देईल, एवढंच तिने मागितलं होतं. आता घरातच आणखी एका रुग्णाची खाट तयार होत होती. तिला त्यांचा राग आला आणि राग आल्याची लाज वाटली.

कामावर जाताना ती वाकडी वाट करून घड्याळजीच्या टपरीवजा दुकानात गेली. घड्याळजी म्हातारा, एका डोळ्यावर भिंग चढवूनच बोलायचा.

"वहिनी, खरं सांगू? ते उघडू देऊ नका," तो म्हणाला. "त्यांच्या हाताला हल्ली कंप आहे, मी बघितलाय. एकदा सुटलं की त्यांना जुळणार नाही. आणि माझ्याकडून तर मुळीच नाही, मी मनगटावरच्या घड्याळांचा माणूस."

"मग तुम्ही हो कशाला म्हणालात?"

"नाही कसं म्हणू? काय कारण सांगू?"

तोच तर घोळ होता. कारण एकच होतं आणि ते सांगायचं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं, की अहो, घड्याळ ठणठणीत आहे, तुम्ही बिघडलात. न सांगावं तर रविवारी तो आपल्या हातांनी अकरा वर्षांची कमाई मोडून ठेवणार आणि तीही विनाकारण. लोकांच्या घरच्यांना वाईट बातम्या तिने शेकड्यांनी दिल्या होत्या. स्वतःच्या घरी तिची जीभ उचलेना.

लंबकाच्या दांडीवर मध्यावर एक इवलीशी थाळी होती आणि तिच्यावर पितळेच्या बारीक चकत्या ठेवलेल्या असत. एक चकती उचलली की घड्याळ दिवसाला एक दशांश सेकंद मागे पडतं, हे तिला पाठ होतं. जेवताना दुसरं बोलणंच नसे. घड्याळ मागे पडलं की त्यांचा उशीर त्यात लपला असता, आकडा उतरला असता आणि रविवारी उघडायचं कारण उरलं नसतं. सोमवारी नऊचं मोजमाप झालं आणि सेकंदवाले फिरायला गेले. तिने पेटीची काच उघडली, चिमटा घेतला आणि श्वास रोखला. लंबक थांबवायचा नव्हता, चालत्या लंबकावरून उचलायचं होतं. लहान पोरांचे टाके काढलेला हात होता तो. एक चकती आली. दुसरी आली. तिसरीला तिचं धाडस झालं नाही. जिवंत, धडधाकट घड्याळाला ती मुद्दाम आजारी पाडत होती, आणि इतकं वाईट तिला कुठल्याच रुग्णाला सुई टोचताना वाटलं नव्हतं. चकत्या तिने डबीत टाकल्या आणि काच लावली.

मंगळवारी आकडा थोडा उतरला. बुधवारी आणखी. सिस्टर स्वयंपाकघरातून कानोसा घेई. "बरं वाटतंय का तुमच्या लाडक्याला?" तिने गुरुवारी विचारलं. "उतार आहे," ते एवढंच म्हणाले. खूश व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. शुक्रवारी तर मोजून झाल्यावर बराच वेळ पेटीसमोर स्टुलावर बसून राहिले. आज नाश्त्याला काय, हे त्यांनी दोनदा विचारलं.

शनिवारी तिची सुट्टी होती. नऊ वाजले, सहा टूं झाले. आणि मग तिला ते ऐकू आलं, कारण पहिल्यांदाच ती ते ऐकत होती. शेवटचा टूं विरून गेला, खोलीत शांतता झाली आणि मग बटण वाजलं. एवढा उशीर.

सेकंदवाल्यांनी फीत भिंगाखाली धरली, नेहमीचा पाव वजा केला. "अर्धा सेकंद पुढे."

"बघा, सुधारतंय की," ती घाईने म्हणाली. "उगाच उघडू नका उद्या. घड्याळजीला मी कळवते."

त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली. "सिस्टर, किती चकत्या काढल्यास?"

तिने जाऊन रेडिओ बंद केला.

"अगं, सांग. मी काही ओरडत नाही."

"दोन."

"तीन काढायच्या होत्या." ते फितीकडे बघत होते. "दीड सेकंद होता. पाच दिवस. तीन काढल्या असत्यास तर आज शून्य आलं असतं, उघडायला मला कारणच उरलं नसतं."

"कळलं कधी तुम्हाला?"

"चकत्यांचं? मंगळवारी. घड्याळ आपणहून बरं होत नाही." त्यांनी चष्मा काढला. "आणि दुसरं म्हणशील तर दोन महिन्यांपूर्वी. परीक्षा घेतली होती मी माझी. आकडा आला तो लिहिला नाही. म्हटलं, घड्याळातच काही सापडतंय का बघू. चार वर्षांत पहिल्यांदा वहीत लबाडी केली."

ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं आपण त्यांना काहीतरी सांगणार आहोत. सांगायचं काही उरलंच नव्हतं. तिने त्यांच्या शर्टाची चुकलेली गुंडी काढून नीट लावली आणि तेवढ्यातच तिचे डोळे भरून आले.

"मला फार भीती वाटते हो," ती म्हणाली. "आणि मी फार दमलेय."

"माहीत आहे," ते म्हणाले. "चकत्या आधी परत ठेव. ते बिचारं बरोबर होतं, मागे पडलेला सेकंद नंतर भरून काढू. माझा हात नको, तूच ठेव."

तिने डोळे पुसले, चिमटा घेतला आणि चालत्या लंबकावर एक चकती ठेवली, मग दुसरी. ते बाजूला उभे राहून बघत होते. "हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. मग त्यांनी वही ओढली, पेन उघडलं आणि शेवटच्या रकान्यात कोऱ्या राहिलेल्या दोन महिन्यांसमोर एक एक आकडा लिहीत खाली आले. शेवटी आजच्या तारखेशी थांबले. माझी चूक, पावणेदोन सेकंद. अक्षर थोडं थरथरलं होतं, पण आकडा रेघेच्या आत होता.

"आता स्टुलावर बस," ते म्हणाले. "तुझा उशीर किती ते काढायला हवं. उद्यापासून बटण तुला दाबायचंय."

"उद्या माझी सकाळपाळी आहे."

"मग परवापासून."

ती स्टुलावर बसली आणि तिने बोट बटणावर ठेवलं. रेडिओवरच्या पुढच्या ठोक्यांना अजून अर्धा तास होता. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.