यादव ओतारीची मुकी घंटा

भांडीबाजारामागच्या गल्लीतून यादव ओतारी त्या सकाळी कापडी पिशवी घेऊन निघाला, तेव्हा निम्मी गल्ली तोंडात ब्रश धरून ओट्यावर उभी होती. पिशवी एवढीशी, पण गडी एका अंगाला असा कलला होता, जसा लग्नघरातलं पातेलं नेतोय. समोरच्या लंकाबाईला राहवतंय थोडंच!

"दे रे, धरते जरा," म्हणत तिने हात घातला आणि "अगं बाई" करत ओट्यावरच बसली. "काय भरलंयस मेल्या? सोनं?"

"घंटा आहे, मावशी."

"मग वाजत का नाय?"

यादवने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वाट धरली. त्याच्या घंटा वाजत नाहीत, असं म्हणायची कुणाची बिशाद नव्हती. सायखेड्यापासून येवल्यापर्यंत बैलांच्या गळ्यात त्याच्याच हातच्या घंटा. बैल वळणावर असतानाच घरच्या बाईला कळायचं आणि चहाचं आधण चुलीवर चढायचं. अशा माणसाची मुकी घंटा म्हणजे गल्लीला आठवडाभराचा खुराक.

आतली गोष्ट घरात तिघांनाच ठाऊक होती: यादव, त्याची बायको मीना आणि आई अक्काबाई. हे शहाण्णव सालचं. लग्नाला वर्ष होत होतं आणि यादवला नको तिथे गाठ आली. ऑपरेशन झालं, दोनातलं एक गेलं. गाठीची मुळं पोटात वर चढली असतील म्हणून डॉक्टरांनी पोटाला शेक सांगितला. मोठ्या मशीनचे किरण. यादवने एकच विचारलं, "आणि राहिलेलं एक?"

डॉक्टर म्हणाले, "किरण पोटालाच देणार. पण थोडे इकडेतिकडे जातातच. झाकण लावू."

हॉस्पिटलातलं झाकण म्हणजे शिशाची एक सपाट वीट. यादवने ती उलटीपालटी करून पाहिली आणि त्याच्यातला कारागीर दुखावला. तिथल्या किरणांचं माप बघणाऱ्या तृप्ती मॅडम. बाईमाणसासमोर हा विषय काढायचा, म्हणून यादव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलला, "मॅडम, मी ओतून आणू का? मापाचं?"

"आणा की," मॅडम म्हणाल्या. "पण आधी मी मोजणार. आणि यादवभाऊ, कॅलेंडरला नाही, मला सांगा."

तर पिशवीत होती ती ही घंटा. शिशाची, बोटभर जाड, वरून घुमटदार, खाली तोंड उघडं. आयुष्यभर तेच ओतलं, हात दुसरीकडे वळणार कसा? शेक म्हटल्यावर यादवच्या डोक्यात भट्टी. भट्टीची धग समोरून येते, म्हणून समोर आडोसा धरायचा. मशीन वर, घंटा खाली, झालं काम!

मॅडमनी टेबलावर मेणाच्या लाद्या रचल्या. हे तुमचं पोट, म्हणाल्या. पलीकडे घंटा ठेवली, तिच्यात मोजायची कांडी सरकवली आणि दोघं जाड दाराबाहेर येऊन बसले. मशीन घुमलं, थांबलं. मॅडमनी आकडा पाहिला आणि ओठ मुडपले.

"विटेपेक्षा थोडंसंच बरं."

"असं कसं? वरून तर सगळं बंद!"

"वरून येणारं तुम्ही अडवलंत. पण पोटात शिरलेले किरण तिथेच बसून राहत नाहीत. आपटतात, वळतात, अंगातूनच आडवे येतात. तुमच्या घंटेला तोंड आहे ना? तिथून आत."

यादव त्या मेणाकडे बघत राहिला. म्हणजे आपल्याच पोटातून? त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलं भलतंच कुतूहल. भट्टीकडे पाठ केली तरी समोरच्या पितळेच्या पत्र्यावर आपटून धग तोंडावर येते, तसंच हे. कुठून कुठे किती वळतात, मागूनही येतात का, त्याने मॅडमना इतकं विचारलं की त्यांचा चहा गार झाला.

घरी आला तेव्हा मीना परातीतली माती चाळत होती. "जमलं का हो?"

"नाय. तोंड उघडं राहिलं."

तिने चाळून झालेली माती साच्याच्या दोन अर्ध्या भागांजवळ सारली. घंटा ओतायची तर दोन अर्धी एकमेकांवर मिटायची, ओतायचं, उघडायचं, घंटा घ्यायची. यादवने आजवर साच्याकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. तो म्हणाला, "मीना, आपल्याला घंटा नकोच. साचाच पाहिजे!"

"सासूबाई, ह्यांना ताप आलाय का बघा," मीना म्हणाली.

दुसऱ्या खेपेला पिशवीतून निघाले शिशाचे दोन वाडगे, एकमेकांवर मिटणारे, मधे नसेपुरती वाट. आतून मेणाचा हात, वर मीनाने शिवलेलं जाड कापड. मॅडमनी पुन्हा मोजलं. या वेळी आकडा विटेच्या चौथाईवर आला.

"शून्य का नाही?" यादव हिरमुसला.

"शून्य कुणालाच देता येत नाही. वाट ठेवावी लागते, तिथून थोडं येणारच. आता हे लावू. मग मुलासाठी दोन वर्षं थांबायचं, आणि पुढचं मला सांगता येणार नाही."

दोन वर्षं थांबले, मग आणखी एक गेलं. लंकाबाईने मीनाला सांगितले नाहीत असे उपास उरले नाहीत, जिला अक्काबाईने नवस बोलला नाही अशी देवी उरली नाही. आणि दोन हजार साली यादवच्या घरात जो आवाज सुरू झाला, त्यापुढे त्याच्या सगळ्या घंटा फिक्या. शाळेच्या दाखल्यावर निकिता, आजीच्या तोंडी नवसाबाई.

ते वाडगे यादवने हॉस्पिटललाच देऊन टाकले. मग अधूनमधून तेच दुखणं झालेला कुणी तरणा पोरगा गल्लीत पत्ता विचारत येऊ लागला. लंकाबाई लगेच, "कुणाकडे? घंटा पाहिजे का?" पोरगा मान खाली घालून आत जाई. नामपूरचा एक तर चपलेशी चाळा करत कितीतरी वेळ बसला.

"मॅडमनी पाठवलं," एवढंच बोलला.

यादवने ओळखलं. आत तोंड करून हाक मारली, "नवसाबाई, पाहुण्याला पाणी आणा!"

सहा वर्षांची पोर दोन्ही हातांनी तांब्या धरून, निम्मं पाणी सांडत आली. पोरगा तिच्याकडे बघत राहिला, मग तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला.