खाली आणलेली खिडकी

रोझल वेंटलांडने सकाळपासून तिसऱ्यांदा जिना पुसला. दहा वाजता जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा कार्यालयाच्या थीमिग बाई येणार होत्या आणि खिडकीचा काय तो निकाल लागणार होता.

जर्मनीतल्या देसाऊ शहराच्या टोर्टेन वसाहतीतली ही घरं बाउहाउस या नामांकित कलाशाळेच्या लोकांनी बांधली, त्याला शंभर वर्षं होत आली. ती बघायला कुठून कुठून लोक येतात. पण वरच्या खोलीची खिडकी त्यांनी छातीएवढ्या उंचीवर ठेवलेली. रस्ता बघायचा तर उभंच राहायला हवं. एकाहत्तर साली रोझलच्या नवऱ्यानं, एअरहार्टनं, अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी भिंत फोडून ती खाली आणली. कुणाला विचारलं नाही. आता पक्षाघातानंतर तो स्वतःच त्या खिडकीशी पडून असे. आणि कार्यालयाचं पत्र आलं होतं : खिडकी पूर्ववत करा. रोझलनं सवलतीचा अर्ज टाकला होता.

फाटकापाशी पर्यटकांचा घोळका थांबला. वाटाडी मुलगी वर बोट दाखवून म्हणाली, "ती बघा, ती चुकीची खिडकी." तिच्या मागेच थीमिग बाई उभ्या होत्या.

"ऐकलंस? मी प्रसिद्ध झालो," एअरहार्ट खाटेवरून म्हणाला.

"आज थट्टा नको. गप्प पड."

बाईंनी वर येऊन टेपनं खिडकीचं माप घेतलं, फोटो काढले. कॉफीला हात लावला नाही.

"वेंटलांड बाई, मूळ मापापेक्षा साठ सेंटिमीटर खाली आहे."

"त्या साठात बसथांबा आहे, बेकरी आहे, येणारी-जाणारी माणसं आहेत. वर नेलीत तर ह्यांना नुसतं आभाळ."

बाईंनी चष्मा काढला. "एका रहिवाशाच्या हयातीपुरती सवलत देता येईल. त्यानंतर खिडकी वर जाईल. नाव मात्र एकच."

रोझलचा जीव भांड्यात पडला. "लिहा, एअरहार्ट वेंटलांड."

"थांबा," एअरहार्ट म्हणाला. "रोझलचं लिहा."

"अरे, बघत तू बसतोस."

"तू आहेस तोवर खिडकी राहील, तोवर मीही बघेनच. माझ्या नावानं केलंस तर मी गेलो की गवंडी दारात. डॉक्टर परवा काय म्हणाले, ते बाईंनाही सांगू?"

रोझल खाटेच्या कडेला बसली. तिनं त्याच्या पांघरुणाची घडी नीट केली, पुन्हा मोडली, पुन्हा केली.

"जन्मतारीख?" थीमिग बाईंनी हळूच विचारलं.

रोझलला स्वतःचीच तारीख आठवेना.

"नऊ मार्च एकोणपन्नास," एअरहार्ट म्हणाला.