नंदकिशोरचा ट्रिगर

संघमित्रा मुलुंडची. पवईच्या एका छोट्या कंपनीत ती वाचनालयांच्या वेबसाइटचा डेटाबेस सांभाळते. सुरुवातीला ती आणि नंदकिशोर परब, दोघंच होती. काही बदलायचं असलं की थेट सर्व्हरवर टाइप करायचं आणि खाली चहाला जायचं. अशाच एका दुपारी नंदकिशोरने ट्रिगर लिहिला: पुस्तक परत आल्याची नोंद झाली की डेटाबेसने आपणहून ते पुढच्या नंबरच्या वाचकासाठी राखून ठेवायचं. पुढे तो नोकरी सोडून मालवणला गेला. ट्रिगर चालत राहिला.

यंदा सर्व्हर बदलला. आता डेटाबेसमधला प्रत्येक बदल मायग्रेशनच्या फायलींत लिहिलेला असतो. त्या क्रमाने चालवल्या की नवा डेटाबेस उभा राहतो. टेबलं सगळी आली. ट्रिगर कुठल्याच फायलीत नव्हता, तो राहून गेला. बोरिवलीच्या वाचनालयातून वसुधाताईंचा फोन आला, की परत आलेली पुस्तकं नुसती पडून आहेत आणि वाचक विचारतायत.

टीमची प्रमुख श्वेता म्हणाली, हे काम वेबसाइटच्या कोडमध्येच घेऊ. पण काउंटरवरचा जुना प्रोग्राम थेट डेटाबेसमध्ये नोंद करतो, त्याला तो कोड दिसणारच नाही, हे संघमित्राने सांगितल्यावर तिला पटलं.

जुन्या बॅकअपमधून संघमित्राने ट्रिगर शोधून काढला. पुढच्या वाचकासाठी नंदकिशोरने इंग्रजी अक्षरांत मालवणी नाव दिलं होतं, ‘पुढचो’. तेव्हा त्यावरून तिने त्याला किती चिडवलं होतं. ती बराच वेळ ते बघत बसली.

सभासदत्व संपलेल्यांना वगळायची सुधारणाही हवी होती. तिने दोन मायग्रेशन केली: पहिल्यात मूळ ट्रिगर जसाच्या तसा, दुसऱ्यात सुधारलेला. दुसरं मागे घेतलं तर मूळ ट्रिगर परत बसेल, असं लिहिलं.

“एकाच फायलीत झालं असतं ना?” श्वेताने विचारलं.

“झालं असतं गं. पण मागे फिरायची वेळ आली तर चालणारं काहीतरी हाती हवं.” आणि पुढे म्हणाली, “शिवाय त्याचं काम आहे ते. कुठेतरी राहू दे.”

श्वेताने ‘पुढचो’ला हात लावला नाही.

बोरिवलीत पुस्तकं पुन्हा राखली जाऊ लागली, तशी संघमित्राने मालवणला फोन लावला. सगळं ऐकून नंदकिशोर म्हणाला, “अगो, तो अजून चलता?” मग त्याने त्यांच्या चहावाल्याची चौकशी केली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, हे तिला सांगावं लागलं.  मग तो म्हणाला, आलं जरा कमीच घालायचा, पण चहा चांगला असायचा.