सायमनसाठी प्रार्थना

माणसं एकत्र बसून पुस्तक वाचायला लागली की पुस्तक राहतं बाजूला आणि किस्से साठत जातात. आमच्या शनिवारच्या वाचक मंडळाचे इतके साठलेत, की आता सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही!

मी स्कॉटलंडला ईशज्ञान, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकून सांगलीला परत आले ती डोक्यात एक कादंबरी घेऊनच. शेवटच्या काळाची ख्रिस्ती कादंबरी, आणि तीही मराठीत. विश्वासणारे एका क्षणात वर स्वर्गात उचलले जातात, बाकीचे मागे राहतात, मग महासंकट, ख्रिस्तविरोधकाचं राज्य, आणि शेवटी प्रभूचं येणं. कादंबरी लिहून झाली, छापखाना ठरला. छापायला देण्याआधी दर शनिवारी चर्चच्या संडे स्कूलच्या खोलीत एकेक प्रकरण वाचायचं आणि लोकांची मतं घ्यायची, असा माझा बेत होता.

मला वाटलं होतं, कडाक्याचे वाद होतील. उचललं जाणं संकटाच्या आधी की नंतर? ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य शब्दशः घ्यायचं का? मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती.

पहिलं प्रकरण संपलं आणि पहिला प्रश्न आला, "गॅस कोणी बंद केला?"

*

प्रश्न बेबीमावशींचा होता. मावशी मिशनच्या दवाखान्यात जन्मभर सिस्टर होत्या. माझ्या कादंबरीतली रूथ स्वयंपाकघरातून उचलली जाते, तेव्हा तिच्या शेगडीवर दूध असतं.

"मावशी, ते महत्त्वाचं नाही."

"शेजाऱ्यांना विचार महत्त्वाचं आहे का ते!"

पुढच्या पानावर मी एक सर्जन उचलला होता, ऐन ऑपरेशनमधून. तिथे मात्र मावशी खुर्चीतून उठल्याच. "पोट उघडं टाकून? शक्य नाही. मी प्रभूला ओळखते. टाके घालेपर्यंत तो थांबेल."

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, यावर "आमेन" म्हटलं. मी साहेबांकडे रागाने बघितलं तर ते म्हणाले, "माझं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे."

*

सुभेदार तात्या ख्रिस्ती नाहीत. ते माझ्या बाबांचे मित्र, मूळचे फलटणकडचे, फौजेतून रिटायर होऊन माधवनगरला मुलाकडे राहतात. हाती लागेल ते वाचतात, म्हणून आले. माझा ख्रिस्तविरोधक त्यांना अजिबात पटला नाही.

"पोरी, ह्यो गडी लोकांना फसवतो कसा म्हनं?"

"तो जगाला शांतता देतो म्हणतो, तात्या."

"शांतता? आगं, शांततेला कोन मत देतंय? साखर कारखान्याच्या इलेक्शनला कवा उभारलाय का त्यो? पानी देतो म्हनायला लाव. दुष्काळी पूर्व भागात कॅनॉलला बारमाही पानी!"

मी हट्टाने महिनाभर ऐकलं नाही. मग एके दिवशी ते पान तसं बदलून वाचलं. ख्रिस्तविरोधक कोरड्या कॅनॉलवर उभा राहतो, हात वर करतो आणि पाणी सुटतं. कोणी हसलं नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "माझी सासुरवाडी तिकडचीच, आटपाडीची. मी फसलो असतो."

*

श्वापदाच्या खुणेचं प्रकरण मी फार जीव ओतून लिहिलं होतं. ख्रिस्तविरोधकाच्या राज्यात उजव्या हातावर ही खूण असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता येत नाही, विकता येत नाही. लोक घाबरतील असं वाटलं होतं. बेबीमावशींनी शांतपणे स्वतःचा अंगठा दिव्याखाली धरला.

"रेशनच्या मशीनवर हा उमटतच नाही. जन्मभर स्पिरिटनं हात धुवून धुवून रेषा गेल्यात. दुकानदार दर वेळी वैतागतो." मग समाधानाने म्हणाल्या, "चला, ती खूणही उमटायची नाही. माझं तर बाई काम झालं!"

*

आता शीलावहिनी. वहिनी मंडळात सगळ्यात कमी बोलायच्या. मी वाचत असताना मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग करायच्या. ते कुणासाठी हे मला नंतर कळलं. त्यांचे मिस्टर, विलासभाऊ, महाबळेश्वरला टॅक्सी चालवतात. रविवार म्हणजे धंद्याचा दिवस, त्यामुळे लग्नानंतर त्यांनी चर्चचं तोंड बघितलं नव्हतं. आणि माझ्या कादंबरीत रूथचा नवरा सायमन? तोही ड्रायव्हर! तोही रविवारी गाडीवर, म्हणून मागे राहिलेला! मी वहिनींना ओळखायच्या आधी लिहिलंय हो सगळं, पण हे सांगून पटणार कुणाला?

पहिल्याच शनिवारी वहिनींनी हळूच विचारलं होतं, "सायमन पुढे तरतो का?"

"शेवटी कळेल," मी म्हणाले. मला ठाऊक होतं. शेवटच्या प्रकरणात सायमन धावत येतो आणि त्याच्या तोंडावर स्वर्गाचं दार बंद होतं. त्या बंद दारासाठीच तर मी सगळी कादंबरी लिहिली होती. माणसं हादरली तरच जागी होतात, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

विलासभाऊ प्रकरणं गाडीत ऐकायचे आणि मतं वहिनींकडून पाठवायचे. पहिलं मत आलं, "आमचे हे म्हणतात, जगाचा शेवट मे महिन्यात नका ठेवू, सीझन असतो. जुलैत ठेवा. त्या पावसात तसंही कोण येत नाही."

एकदा पॅसेंजर बसलेले असतानाच महासंकट चालू राहिलं. पसरणीचा अख्खा घाट गाडीत कोणी तोंड उघडलं नाही. पाचगणीला उतरताना मागच्या सीटवरच्या आजोबांनी विलासभाऊंचा नंबर घेतला. म्हणाले, "त्या सायमनचं काय होतंय ते कळवा."

*

मंडळाची बैठक संपताना आमच्यात प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची पद्धत आहे. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाची परीक्षा. ज्या शनिवारी सायमन रिकाम्या घरात एकटा जेवतो ते प्रकरण झालं, त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "सायमनसाठी प्रार्थना करा."

मी हसले. बाकी कोणी हसलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. सुभेदार तात्यांनीसुद्धा!

दुसऱ्या दिवशीच्या उपासनेतल्या विनंत्या गोळा करायचं काम बेबीमावशींकडे असतं. त्यांनी सवयीने तीही पुढे दिली. पाळकसाहेबांनीही तितक्याच सवयीने वेदीपुढून गंभीर आवाजात सांगितलं, "आपले बंधू सायमन मोठ्या संकटात आहेत, त्यांची आठवण करू या." सगळ्या मंडळीने आठवण केली. उपासना सुटल्यावर तिघा-चौघांनी मला गाठलं. कोण हे? कुठल्या वॉर्डात आहेत? भेटायला कधी सोडतात?

त्या संध्याकाळी मी बेबीमावशींकडे होते, तर मागच्या गल्लीतल्या एक आजी सायमनसाठी डबा घेऊन आल्या. मऊ भात आणि मुगाचं वरण. आता ह्याचं करायचं काय? बेबीमावशींनी डबा सरळ माझ्या हातात दिला.

"तूच खा. त्याच्या जवळचं तुझ्याशिवाय आहे कोण?"

*

शेवटचं प्रकरण ज्या शनिवारी होतं, त्याच्या पुढच्या सोमवारी कादंबरी छापखान्यात जायची होती. मी वाचायला बसले तर दारात विलासभाऊ. भर मे महिन्यात! गाडी बाहेर लावून, पांढरा युनिफॉर्म तसाच अंगावर. आत या म्हटलं तर उंबऱ्याशीच स्टूल ओढून बसले.

मी वाचलं. सायमन धावत येतो. दार बंद होतं. आतून गाण्याचा आवाज येतो. तो दार ठोठावतो. कादंबरी समाप्त.

तात्यांनी घसा खाकरला. पाळकसाहेब जमिनीकडे बघत राहिले. शेवटी विलासभाऊंनीच विचारलं, "ताई, त्याला उशीर का झाला म्हनायचा?"

मी पान उलटून पाहिलं. "घाटात एक बाई आणि तिची पोरं अडकली होती. त्यांना घरी सोडून आला."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. "पॅसेंजर उतरवल्याबिगर ड्रायव्हरला कसं येता येईल? उशीर व्हनारच." आणि माझीच समजूत काढावी तसं म्हणाले, "चांगलं लिवलंय तुमी. वाईट वाटून घेऊ नका."

तेवढ्यात शीलावहिनी उभ्या राहिल्या. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहतात तशा, पदर नीट करून.

"रूथ आत आहे ना?"

"हो, वहिनी."

"तिला ठोकल्याचा आवाज येतो ना?"

मी तसा विचारच केला नव्हता.

"मग ती गातेय कशी?"

विलासभाऊ कानापर्यंत लाल झाले. "आगं, गोष्ट हाय ती. बस खाली."

"असू दे गोष्ट," वहिनी म्हणाल्या. "मी असते तर खाली उतरले असते."

त्या दिवशी प्रार्थनेच्या विनंत्या झाल्याच नाहीत. विलासभाऊंनी गाडी वळवून आणली, वहिनी पुढच्या सीटवर बसल्या, आणि दोघं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपासनेची घंटा व्हायच्या आधी, मी पाळकसाहेबांना फोन लावला. छापखाना त्यांच्याच ओळखीचा होता.

"साहेब, छापखान्याला जरा थांबायला सांगा."

"का गं? शेवट बदलतेस? सायमनला आत घेतेस का?"

"ते अजून माहीत नाही," मी म्हणाले. "पण स्वर्गातून एक बाई खाली यायला निघालीय."