पोराला घरी न्हाई आनला

बायांनो, आज नगरला जाऊन आले. माझा पोरगा दारूपायी व्यसनमुक्ती केंद्रात हाय, आज भेटीचा दिवस हुता.

गेटावरच्या बाईनं मी नेलेले लाडू फोडून बघितले, वर माझी तंबाखूच्या मिश्रीची डबीबी काढून घेतली.

पोरगा म्हनला, "आई, घरी ने. आता थेंब न्हाई घ्यायचो."

"मागं बी असंच म्हनला हुतास. सून नको म्हनत हुती तरी नेला, चौथ्या दिवशी पिऊन पडलास."

बोलता बोलता माझा हात कमरेला डबी शोधाया गेला. त्यानं बघितलं. "तुला तासभर दम निघंना, आई."

"म्हनूनच सांगते, ऱ्हा हितंच."

अजून तीन महिने ठेवायच्या कागदावर सही केली. त्यो पाठ फिरवून आत गेला. मला रडू आलं न्हाई. येताना यष्टीत झोपसुदा लागली.

तुमी आनला असता का घरी?